वाघमारे गुरुजींनी न पाहिलेलं म्हैसमाळ

शाळेच्या स्मरणिकेसाठी जुन्या सहलींवर चार पानं लिहून द्या, असा निरोप समितीनं पाठवला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. समितीचे अध्यक्ष बापूराव, आमच्या गावचे जुने सरपंच आणि माझे स्नेही. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, म्हैसमाळची थंड हवा आणि पोरांच्या गमती. लिहायला बसलो आणि एकोणऐंशी सालच्या सहलीपाशी अडकलो. तीन दिवस कागद तसाच राहिला. चौथ्या दिवशी मी धोतरजोडी पिशवीत घातली आणि घराबाहेर पडलो. हे लिखाण त्या प्रवासाचं आहे.

आधी त्या सहलीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव सोनपेठहून दोन कोसांवर. मी तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. दर हिवाळ्यात सहल निघायची आणि शेवटचा दिवस म्हैसमाळला असायचा. सहलीचा स्वयंपाक आम्हीच करायचो. त्यासाठी घरोघरून शिधा गोळा व्हायचा. कुणाकडून पीठ, कुणाकडून डाळ, कुणाकडून तेलाची बाटली. त्या वर्षी मात्र बापूरावांनी मला ओट्यावर बसवून घेतलं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्याला दीड वर्ष झालं होतं, तरी गावात माणसं एकमेकांशी मोजून बोलत होती. बापूराव म्हणाले, "पोरांच्या अन्नापाण्याला वाघमारे मास्तरचा हात लागता कामा नये. तेवढं सांभाळा, मंग गाव पोरं धाडील."

वाघमारे हे माझे सहशिक्षक. बौद्ध समाजाचे. अकरा वर्षं आम्ही एका शाळेत काढली होती. मी बापूरावांना नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो." आणि बघितलं ते असं की बौद्धवाड्यातल्या पाच मुलांना घरून सहलभर पुरतील असे कोरडे डबे आणायला सांगितलं, आणि म्हैसमाळला पोचल्यावर वाघमाऱ्यांना म्हणालो, "तुम्ही या पाच मुलांना घेऊन बसजवळ बसा. सामानाकडे लक्ष राहील." एरवी आम्ही स्वयंपाकाला लागलो की ते कड्याच्या बाजूला उभे राहून पोरं अडवायचे. ती त्यांची नेहमीची जागा. त्या दिवशी ती जागा रिकामी राहिली.

जेवणाची गडबड चालू असताना सातवीतली सुमन, बापूरावांची मुलगी, कड्याच्या बाजूला गेली आणि घसरून खालच्या टप्प्यावर पडली. पाय मोडला. तो पुढे नीट सांधलाच नाही.

अहवाल मी लिहिला. "देखरेखीसाठी नेमलेले सहशिक्षक श्री. वाघमारे हे सदर वेळी जागेवर हजर नव्हते." हे खरं होतं. "ते देखावा पाहण्यास गेले असावेत." हे खोटं होतं. "जखमी विद्यार्थिनीस वर आणण्यात आले." कोणी आणलं ते लिहिलं नाही. ओरडा ऐकून वाघमारेच बसपासून धावत आले होते, तेच खाली उतरले होते आणि तिला पाठीवर घेऊन तेच वर चढले होते.

महिन्याभरात त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. पोरगी सोडून डोंगर बघायला गेलेला मास्तर, हे नाव त्यांच्या आधी त्या गावात पोचलं होतं.

पेडगाव

निवृत्तीनंतर ते पेडगावला असतात, एवढं मला माहीत होतं. परभणीहून सकाळच्या गाडीनं गेलो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला लागला होता, हरभऱ्याचे ढीग शेतात पडले होते. मी काही धड बघत नव्हतो. पाठ केलेलं एक वाक्य मनात म्हणत होतो, विसरत होतो, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतो. फाट्यावर उतरायच्या ऐवजी पुढे गेलो आणि मैलभर मागे चालत यावं लागलं.

दारात एक बाई सुपात तूर पाखडत होत्या. मी नाव सांगितलं. सूप थांबलं. आत बघून त्या म्हणाल्या, "अहो, ते आलेत."

"कोण ते?"

"तेच."

वाघमारे बाहेर आले. केस पांढरे झालेले, बाकी अंगकाठी तशीच सरळ. "या सर," म्हणाले. जणू मी कालच शाळेत भेटलो होतो.

त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी तांब्या-पेला आणून ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी पितो की नाही हे त्यांना बघायचं होतं. अकरा वर्षांच्या सोबतीत त्यांच्या घरचं पाणी मी कधी प्यालो नव्हतो. प्यालो. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं रस्ता सापडला न्हाई वाटतं, गुरुजी."

"ताराबाई, मी..."

"चहात साखर चालती ना?" आणि त्या आत गेल्या.

मी वाघमाऱ्यांसमोर ते वाक्य काढलं. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला.

"इथं नको, सर. मला एक सांगा. म्हैसमाळ कसं आहे हो?"

मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे?"

"मी पाहिलं नाही ना. त्याच्या आधीच्या सहलींना आपण संध्याकाळी पोचायचो, धुकं असायचं, मी पोरांकडं तोंड करून उभा. त्या वर्षी ऊन होतं, तर बसच्या मागं. तिथून एक भिंत दिसत होती अन् पाण्याची टाकी. अहवालात तेवढं मी देखावा पाहायला गेलो होतो." ते हसले. "अहवालाची नक्कल मला दिली होती. पाठ आहे. चला, जाऊन येऊ. तुम्हाला जे बोलायचंय ते तिथं बोला."

मी एकाहत्तर वर्षांचा, ते साठीचे. त्याच दिवशी निघायचं ठरलं. ताराबाईंनी तासाभरात भाकरी थापल्या, वांग्याची कोरडी भाजी, जवसाची चटणी, फडक्यात बांधून दिली. नवऱ्याच्या गळ्यात मफलर घातला आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्या बारीला यांना बसजवळ बसवू नका."

औरंगाबाद

परभणी ते औरंगाबाद एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. जिंतूर गेलं, जालना गेलं. वाघमारे प्रत्येक थांब्यावर उतरून काहीतरी घ्यायचे. कधी बोरं, कधी शेंगदाणे. मला वाटायचं आता बोलावं, आणि ते पुडी पुढं करायचे. तोंडात शेंगदाणे असताना माणूस माफी मागू शकत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

स्टँडजवळच्या लॉजमध्ये मॅनेजरनं वही पुढं ओढली. "दोघांचं नातं काय लिहू?"

वाघमारे म्हणाले, "लिहा, एका शाळेतले."

दिवस मावळायच्या आत ते मला रिक्षानं विद्यापीठाच्या कमानीपाशी घेऊन गेले. नवं नाव मिळून महिना होत होता. माणसं येत होती, फोटो काढत होती, पोरांना उचलून नाव दाखवत होती. वाघमाऱ्यांनी पूर्ण नाव पुटपुटत वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, वर्गात फळ्यावरचं वाचावं तसं. मी दोन पावलं मागं उभा होतो. मला तिथं उभं राहायचा हक्क आहे की नाही ते ठरवता येत नव्हतं. "तुम्हीही वाचा की," ते म्हणाले. मी वाचलं.

म्हैसमाळ

ज्यांनी म्हैसमाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. औरंगाबादहून खुलताबादला एसटीनं जायचं आणि तिथून जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही. आमच्यात दोन बाया, त्यांची कोंबडीची पाटी आणि गिरिजामातेच्या दर्शनाला निघालेलं एक नवं जोडपं होतं. रस्ता वळणं घेत चढतो. खालचं ऊन खालीच राहतं आणि एका वळणाला वारा एकदम गार होतो. वर गेल्यावर डोंगराचं टोक नाही, सपाट माळ आहे. पावसाळ्यात हिरवागार असतो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा गवत वाळून सोनेरी झालं होतं. एक तळं, देवीचं देऊळ, टीव्हीचा उंच मनोरा, एक विश्रामगृह, चहाच्या दोन टपऱ्या. बाजार नाही, गोंगाट नाही. शहरातली माणसं सकाळी डबे घेऊन येतात, सतरंजी टाकतात आणि सूर्य कलला की उतरतात. आपल्याकडे एवढी जागा असती तर कुणीतरी ज्वारी पेरली असती.

बस कुठं उभी होती ते मी लांबूनच ओळखलं. भिंत होती, टाकीही होती. वाघमारे तिकडं वळलेसुद्धा नाहीत. "ते पाहिलेलं आहे," म्हणाले.

तळ्याच्या काठानं चालताना त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. मी पटकन खाली बसलो आणि चप्पल हातात घेतली. सदऱ्याची पिन काढून अंगठ्यात घालायला लागलो. पिन बोटात घुसली, रक्त आलं. वाघमारे वरून बघत होते.

"सर, उठा. राहू द्या."

"नाही, होतंय."

"होत नाहीये. अन् तुम्ही हे चपलेसाठी करायलाय असं वाटत न्हाई मला." त्यांनी चप्पल घेतली, मफलरच्या काठाची दशी ओढून अंगठा आवळला आणि पायात घातली. "चप्पल तुटली, बांधली. आपल्या गोष्टीला तिच्यात घालू नका."

मला लाज वाटली. ती योग्य जागी वाटली.

एका सतरंजीवरच्या बाईंनी आम्हाला कुटुंबाचा फोटो काढून द्यायला सांगितलं. वाघमाऱ्यांनी काढला. बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं भाऊ का?"

"न्हाई," वाघमारे म्हणाले, "हे माझे हेडमास्तर. पंधरा वर्षांपूर्वी दाखवायचं राहिलं होतं, आता दाखवायलेत."

बाईंना कौतुक वाटलं. "असे सर मिळायला भाग्य लागतं," म्हणाल्या. वाघमारे माझ्याकडे बघून खोकले. मी तळ्याकडे बघितलं.

कड्यापाशी आता लोखंडी कठडा आहे. त्याच्या अलीकडे आम्ही फडकं सोडलं. आमच्या घरी पूर्वी प्रवासाला दुधात भिजवलेली दशमी असायची. पाण्यात भिजवलेल्या पिठाची भाकरी वाटेत चालायची नाही, दुधाची चालायची. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. कशाला कुणाचा हात लागला आणि कशाला नाही याचा हिशेब आम्हाला दुधाबरोबर पाजलेला असायचा. त्या हिशेबानं मी शाळा चालवली. ताराबाईंच्या भाकरीला जवसाच्या चटणीचं तेल लागून ती मऊ झाली होती. मी दोन खाल्ल्या. भूक लागली होती हे खाताना कळलं.

जेवल्यावर वाघमारे कठड्याला धरून उभे राहिले. खाली शेतांचे चौकोन, काही काळे, काही हिरवे, एक पांढरी वाट, त्या वाटेवर मुंगीएवढी बैलगाडी. ते पुष्कळ वेळ बघत होते. मी मागं येरझारा घालत होतो. शेवटी ते म्हणाले, "हां. हे बघायला मी गेलो होतो होय. बरं आहे." मग वळले. "बोला."

पाठ केलेलं वाक्य आलं नाही. जे आलं ते असं: मी भ्यालो. आधी बापूरावांना भ्यालो, मग सुमन पडल्यावर गावाला भ्यालो, मग अहवाल लिहिताना वरच्या साहेबाला भ्यालो. प्रत्येक वेळी तुम्ही हाताशी होतात, म्हणून तुम्हाला पुढं ढकललं. मला माफ करा.

वाघमाऱ्यांनी उत्तराला वेळ लावला नाही. माझ्या मते ते पंधरा वर्षं तयार होतं.

"माझी माफी मागून काय होणार, सर? मी काही केलं नाही हे मला माहीतच आहे. तारालाही माहीत आहे. ज्याला माहीत न्हाई त्याला सांगा. बापूराव मला दोनदा बाजारात दिसले. दोन्ही वेळा थुंकले."

"त्यांना सांगायचं म्हणजे, पोरीचा पाय त्यांच्या अटीनं मोडला असं सांगायचं."

"अट त्यांची. मान्य कुणी केली?"

"मी."

"मग दोन्ही सांगा. अर्धं सांगायची तुम्हाला सवय आहे, म्हणून म्हणालो."

उतरताना जीपमध्ये ते झोपले. मला सगळी वळणं पाठ झाली.

गावात

वाघमाऱ्यांना पेडगावला सोडलं आणि मी सोनपेठची गाडी धरली. घरी न जाता सरळ बापूरावांच्या ओट्यावर गेलो. त्यांना वाटलं मी लेख घेऊन आलो. "या गुरुजी. झालं का लिव्हून? म्हैसमाळचं चांगलं रंगवा, पोरं वाचतेल."

सुमन माहेरी आलेली होती. तिचं सासर गंगाखेडकडे. उंबऱ्यात बसून ती पालेभाजी निवडत होती. ती आत जाईल म्हणून मी थांबलो. ती गेली नाही. मग तिच्यासमोरच सगळं सांगितलं. अट, माझं "बघतो", बस, पाच डबे, रिकामी राहिलेली जागा, अहवाल, आणि आत्ता पेडगावला वाघमाऱ्यांना सोडून येतोय तेही.

बापूराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी असं म्हणलो होतो? मला आठवत न्हाई."

"म्हणाला होतात, बापूराव."

"न्हाई आठवत."

"दादा," सुमन भाजीतून वर न बघता म्हणाली, "मला आठवतंय. तुमी इथंच बसला होताव. मी रांजण भरायले होते."

"तू आत जा."

"जाते. पण म्हणला होताव."

बापूरावांचा आवाज चढला, तो माझ्यावर. "पंधरा वरीस तुमी गप राह्यलाव. त्या मास्तरला मी शिव्या घालायचो तवा माझ्यासंगं बसून च्या प्यायचाव. अन् आता म्हातारपणी तुमचं ओझं माझ्या दारात आणून टाकायलाव. तुमाला हलकं वाटायलं आसंल. मला काय वाटावं?"

त्यांचं बरोबर होतं. मी तसं म्हणालोही. मग म्हणालो, "तुम्ही बोललात. हुकूम माझा होता. तुमचं मी ऐकलं नसतं तर तुम्ही फार तर पोरं पाठवली नसती. सुमन घरी राहिली असती."

"हे स्मरणिकेत यायचं न्हाई," बापूराव म्हणाले. "मी अध्यक्ष हाय." आणि काठी घेऊन शेताकडे निघून गेले. ती शेताला जायची वेळ नव्हती.

मी उठलो. सुमन फाटकापर्यंत आली, एक पाय ओढत. अठ्ठावीस वर्षांची बाई, पण मला ती सातवीतली दिसत होती.

"गुरुजी, दुसरीकडं कुठं छापलं तर एक प्रत मला द्या. सासरी दाखवायचीय."

"कशाला?"

"तिकडं समद्यांला म्हाईत हाय की पोरगी न इचारता डोंगरावर हुंदडत गेली अन् लंगडी झाली. लग्नाच्या वक्ताला कुणीतरी तुमचा अहवालच सांगितला त्यांला. सासू अजून म्हणती, इचारल्याबिगर पाऊल टाकायची खोड जुनीच हाय हिची."

मी फाटकाची कडी धरून उभा राहिलो. वर मी "सुमन कड्याच्या बाजूला गेली" असं लिहिलं आहे. ते आता खोडत नाही. मी पुन्हा कसं चुकवून गेलो ते तसंच दिसू दे. अहवालात याच जागी माझं वाक्य होतं, "सदर विद्यार्थिनी विनापरवानगी गेली." कड्यावर उभं राहून वाघमाऱ्यांना मी सगळं सांगितलं असं मला वाटत होतं. हे सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांत माझ्या स्वतःच्या मनालाही सांगितलं नव्हतं.

सुमन चुलीपाशी आली होती. मी पिठल्यात डाव फिरवत होतो. ती म्हणाली होती, "गुरुजी, तिकडून खालची गावं दिसतात म्हणं, बघून येऊ?" मी वर न बघता म्हणालो होतो, "जा. लवकर ये."

"तू विचारलं होतंस," मी म्हणालो.

"तुमाला आठवतंय तर," ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच चुकीचं आठवायले का काय. सगळेच म्हणायले म्हणल्यावर."

"सगळ्यांना मी सांगितलं होतं."

ती आत गेली आणि वहीचा एक कागद आणि पेन घेऊन आली. फाटकाच्या खांबावर कागद धरला. "छापायचं छापतील तवा छापतील. हे तेवढं आत्ता लिव्हून द्या. खाली सही करा. मुख्याध्यापक म्हणून करा."

मी उभ्यानं लिहिलं. तिनं ते वाचलं, एक शब्द सुटला होता तो दाखवला, मी तो वर भरला. मग कागदाची घडी करून ती म्हणाली, "अन् वाघमारे गुरुजींचं येगळ्या कागदावर. ते मला घेऊन जायचंय पेडगावला."